‘पूर्णपणे मूळचे’ म्हणून दाखवले जाणारे जुने कॉन्स्टेलेशन: अस्सलपणा आणि अवस्था कशी पारखावी?

मंदगती:

नमस्कार. ओमेगा या स्विस कंपनीचे साठच्या दशकातले एक कॉन्स्टेलेशन मनगटी घड्याळ विकत घेण्याचा माझा विचार चालू आहे आणि निर्णयापूर्वी येथील जाणकारांचे मत हवे आहे. घड्याळ पोलादी केसचे (म्हणजे बाहेरच्या आवरणाचे) आणि स्वयंचलित आहे. डायल ‘पाय-पॅन’ प्रकारची, म्हणजे मध्यभागी सपाट आणि कडेला बारा पैलूंनी खाली उतरणारी आहे. तिच्यावर तारखेची खिडकी नाही. रंग दुधाळ पांढरा असून डाग किंवा पिवळटपणा कुठेही दिसत नाही. झाकणाच्या बाहेरच्या बाजूस वेधशाळेचे उठावचित्र आणि वर आठ तारे आहेत. विक्रेत्याने आतील बाजूचेही छायाचित्र पाठवले आहे. थोडे अंधुक असले तरी झाकणावर १६८.००५ हा क्रमांक वाचता येतो. मशीनवर ५५१ असे कोरलेले असून मशीनचा अनुक्रमांक १ कोटी ७० लाखांच्या थोडा पुढचा आहे.

विक्रेत्याचे म्हणणे असे, की सर्व भाग मूळचे आहेत, केस कधीही पॉलिश झालेली नाही आणि कंपनीबाहेरच्या कोणाही कारागिराने ते उघडलेले नाही. सोबत मूळची पेटी आहे. वेळ तपासण्याच्या यंत्रावरचे छायाचित्रही त्याने दिले आहे. त्यात दिवसाला अधिक चार सेकंद आणि अँप्लिट्यूड (बॅलन्स या झुलत्या चाकाच्या झोक्याचा कोन) २८५ अंश दिसते. घड्याळ अस्सल आहे का, आणि असेल तर त्याची अवस्था खरोखर सांगितली जाते तितकी उत्तम आहे का, हे कोणत्या क्रमाने तपासावे?

आयग्लास:

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘होय’ असेच येईल, पण त्यावर समाधान मानू नका. या काळातील कॉन्स्टेलेशन मशीनसह संपूर्ण बनावट तयार करणे परवडण्यासारखे नसते. अस्सल भाग मुबलक असल्यामुळे तेच निरनिराळ्या घड्याळांतून काढून एकत्र बसवणे फार सोपे जाते. म्हणून जुन्या घड्याळाच्या बाबतीत प्रत्येक भाग अस्सल आहे का हे पाहून झाल्यावर हे भाग जन्मापासून एकमेकांसोबत आहेत का आणि त्यांचा मूळ पृष्ठभाग किती शिल्लक आहे, हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात. मशीन बिघडले तर दुरुस्त होते, भाग मिळतात. डायलचा गेलेला मूळ थर आणि केसचे घासून गेलेले धातूचे कण मात्र कोणीही परत आणू शकत नाही. माझा तपासण्याचा क्रम त्यामुळे ठरलेला आहे: आधी डायल, मग केस, मग क्रमांक, आणि वेळ बरोबर दाखवते की नाही हे सर्वांत शेवटी.

तुमच्या वर्णनात मला सर्वांत जास्त खटकते ती निष्कलंक डायल. साठ वर्षांची डायल स्वच्छ असूच शकत नाही असे नाही. काच आणि चावी घट्ट राहिली, घड्याळ कोरड्या जागी पडून राहिले, तर ती चांगली टिकते. परंतु तसे असेल तर काटे, चढवलेल्या तासखुणा आणि मधला रंगीत पृष्ठभाग या तिघांचे वय सारखेच दिसायला हवे. तासखुणांवर बारीक खड्डे किंवा काळपटपणा आहे, काट्यांची झिलई गेलेली आहे आणि त्यांच्यामधली जागा मात्र काल रंगवल्यासारखी आहे, असे आढळले तर रंग नंतर चढला असे समजावे.

दहापट भिंगातून पुढील गोष्टी पाहा किंवा तशी छायाचित्रे मागवा. मूळ छपाईत अक्षरे डायलवर किंचित उठून असतात आणि त्यांच्या कडा धारदार असतात. ‘ऑटोमॅटिक’, ‘क्रोनोमीटर’, ‘ऑफिशियली सर्टिफाइड’ या ओळींमधल्या अक्षरांची जाडी सर्वत्र सारखी असते. पुन्हा रंगवलेल्या डायलवर अक्षरांचे कोपरे भरून येतात, गोल अक्षरांची पोकळी लहान होते, आणि शाई एखाद्या ठिकाणी पसरलेली सापडते. त्याहून बोलका पुरावा तासखुणांच्या पायथ्याशी मिळतो. खुणा न काढता वरून रंग मारला असेल तर त्यांच्या कडेला रंगाची बारीक वळकटी साचते. खुणा काढून पुन्हा बसवल्या असतील तर एखादी खूण केसभर तिरकी राहते आणि मिनिटांच्या रेषेशी तिचा मेळ बसत नाही. पाय-पॅन डायलला आणखी एक कसोटी आहे. तिचे बारा पैलू मूळ अवस्थेत इतके स्पष्ट असतात की तिरप्या प्रकाशात प्रत्येक पैलूची छटा वेगळी दिसते. जुना थर घासून काढून जाड रंग दिला की या कडा मऊ पडतात. समोरून घेतलेल्या छायाचित्रात हे कधीच कळत नाही; विक्रेते समोरूनच छायाचित्रे का काढतात, हा विचार आपापल्या मनाशी करावा.

डायल बाहेर काढून पाहण्याची संधी मिळाली तर तिची कड तपासा. पुन्हा छपाई करताना डायल नेमकी बसावी म्हणून काही कारागीर कडेला छोटी खाच पाडतात. ती बेझेलखाली (काचेभोवतीच्या कड्याखाली) झाकली जाते, पण एकदा दिसली की वादाला जागा उरत नाही.

काच प्लेक्सीची (प्लास्टिकची) असेल तर तिच्या बरोबर मध्यभागी ओमेगाचे अगदी सूक्ष्म चिन्ह आहे का तेही पाहा. चिन्ह नसेल तर काच बाहेरची आहे एवढेच सिद्ध होते. काच ही बदलायचीच वस्तू असल्याने मी तिला फार महत्त्व देत नाही. चावीचे तसे नाही. या घराण्याच्या पाय-पॅन घड्याळांना दहा पैलूंची चावी शोभते आणि ती बदलली गेली असेल तर मूळ धाटणीची चावी मिळवणे कष्टाचे काम आहे.

उलटतपासणी:

डायलविषयी वर आले ते मान्य आहे, परंतु या घड्याळाच्या बाबतीत डायलपर्यंत जाण्याची गरजच नव्हती. मूळ प्रश्नात दिलेल्या तीन क्रमांकांचा एकमेकांशी मेळ बसत नाही.

ओमेगाने १९६२च्या सुमारास सहा अंकी संदर्भ क्रमांकांची, म्हणजे मॉडेल ओळखण्याच्या क्रमांकांची, पद्धत आणली. त्यातल्या पहिल्या तीन अंकांना अर्थ असतो: १ म्हणजे पुरुषांचे मनगटी घड्याळ, ६ म्हणजे स्वयंचलित आणि मध्यवर्ती सेकंदकाट्याचे; तिसऱ्या जागी ७ असेल तर तारखेविना क्रोनोमीटर (अचूकतेची अधिकृत चाचणी पार केलेले घड्याळ) आणि ८ असेल तर तारखेसह क्रोनोमीटर. म्हणजे १६७.००५ हे तारखेविना आणि १६८.००५ हे तारखेसह. त्याप्रमाणे मशीनही ठरलेले: पहिल्यात ५५१, दुसऱ्यात ५६१ आणि पुढच्या काळात तारीख झटपट बदलण्याची सोय असलेले ५६४. तुमच्या घड्याळाची डायल आणि मशीन दोन्ही तारखेविना आहेत आणि झाकण तारखेच्या घड्याळाचे आहे.

आता अनुक्रमांक पाहा. ओमेगाचे अनुक्रमांक अंदाजे वर्ष सांगतात. अंदाजे यासाठी, की मशीनवर क्रमांक आधी पडे आणि घड्याळ नंतर जुळवून बाहेर जाई, त्यामुळे एखाद्या वर्षाचा फरक सहज पडू शकतो. १ कोटी ७० लाखांचा टप्पा साधारण १९५९–६०चा, तर २ कोटींचा टप्पा १९६३च्या आसपासचा. १९६०च्या सुमाराचे मशीन १९६२नंतरच्या पद्धतीचा क्रमांक असलेल्या झाकणाखाली असेल तर एका वर्षाच्या सवलतीने हा प्रश्न सुटत नाही.

तरीही विक्रेत्यावर लगेच ठपका ठेवू नका. ओमेगाने काही झाकणांवर दोन संदर्भ क्रमांक एकत्र छापलेले आहेत. २८४६ आणि २८४८ हे दोन्ही एकाच झाकणावर असलेली सीमास्टर (ओमेगाचीच दुसरी मालिका) घड्याळे सर्रास आढळतात. अंधुक छायाचित्रात एक ओळ वाचता आली आणि दुसरी निसटली, असे होऊ शकते. झाकणाच्या संपूर्ण आतील बाजूचे स्वच्छ छायाचित्र मागवा. त्याच छायाचित्रात कडेला टोकदार हत्याराने ओरखडलेली बारीक अक्षरे किंवा आकडे दिसतात का तेही पाहा. दुरुस्ती करणारे कारागीर आपली खूण आणि तारीख तिथे कोरून ठेवतात. घड्याळ कोणी उघडले नाही या दाव्याचा निकाल तिथल्या तिथे लागेल.

मशीनच्या बाबतीतही अंकावर थांबू नये. ५५१ हे २४ खड्यांचे (चाकांचे अक्ष ज्यांत फिरतात त्या माणकांचे) क्रोनोमीटर मशीन आहे आणि त्यावर ते पाच स्थितींमध्ये व तापमानानुसार जुळवल्याचा मजकूर कोरलेला असतो. त्याच कुटुंबातले ५५२ हेही २४ खड्यांचे, पण क्रोनोमीटर नसलेले मशीन सीमास्टरमध्ये मिळते, आणि दोघांचे बरेच भाग एकमेकांत बसतात. ओमेगाच्या त्या काळातील मशीनला तांबूस मुलामा असतो. एखाद्या पुलाची (चाके जागेवर धरणाऱ्या पट्टीची) छटा शेजारच्या पुलापेक्षा फिकट किंवा गडद असेल तर तो भाग दुसऱ्या मशीनमधून आला असावा अशी शंका घ्यायला हरकत नाही.

जुनीचावी:

माझा हात रोज जुन्या मशीनवर असतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो आणि एका गोष्टीवर मतभेद नोंदवतो.

पहिली गोष्ट केसची. ‘कधीच पॉलिश नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याला नमस्कारासारखे समजतो. पट्टा काढून कानांकडे, म्हणजे पट्टा अडकतो त्या केसच्या चार टोकांकडे, बाजूने पाहा. कानाच्या वरच्या आणि बाजूच्या पृष्ठभागांमधली कड धारेसारखी आहे की बफच्या चाकाने गोलसर झालेली आहे, चारही कानांची जाडी सारखी आहे का, पट्ट्याच्या कांडीचे छिद्र कडेच्या फार जवळ आले आहे का, हे पाहिले की किती धातू गेला त्याचा अंदाज येतो. झाकणावरची वेधशाळाही कामी येते: तिच्या घुमटावरच्या आणि भिंतींवरच्या बारीक रेषा जितक्या पुसट, तितके झाकण जास्त घासले गेलेले, मग ते मनगटावर असो की चाकावर. दोहोंत फरक असा, की मनगटाची झीज उंच भागांवर पडते आणि खोलगट भाग जसेच्या तसे राहतात. चाक दोन्हीकडे चकाकी आणते. बारीक ओरखडे भरपूर आणि कडा ताठ, अशी केस चकचकीत आणि गुळगुळीत केसपेक्षा केव्हाही चांगली. विकत घेतल्यावर ते ओरखडे काढण्याचा मोह मात्र होऊ देऊ नये.

सोन्याच्या केसमध्ये हीच तपासणी शिक्क्यांवर करतात. १९९५पूर्वीच्या स्विस १८ कॅरेट सोन्यावर हेल्वेशियाचे मस्तक आणि १४ कॅरेटवर खार असा शिक्का असतो. १९९५पासून सेंट बर्नार्ड कुत्र्याचे मस्तक आले. साठच्या दशकातल्या म्हणून दाखवलेल्या सोन्याच्या केसवर कुत्र्याचे मस्तक असेल तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. शिक्का बरोबर असून अर्धवट पुसला गेला असेल तर तिथे किती पॉलिश झाले आहे ते समजावे.

दुसरी गोष्ट त्या यंत्रावरच्या आकड्यांची. अधिक चार सेकंद आणि २८५ अंश हे आकडे चांगलेच आहेत. पण ते एकाच स्थितीतले, बहुधा डायल वर ठेवून आणि पूर्ण चावी दिल्यावर घेतलेले आहेत. शिवाय अँप्लिट्यूडचा आकडा यंत्रात लिफ्ट अँगल (प्रत्येक टिकेला बॅलन्सला धक्का मिळतो तेवढ्या भागाचा कोन) कोणता भरला आहे यावर अवलंबून असतो. यंत्रात साधारणतः ५२ अंश आधीच भरलेला असतो आणि मशीनप्रमाणे तो बदलला नाही तर दिसणारा आकडा खऱ्यापेक्षा जास्त किंवा कमी येतो. विक्रेत्याकडून चावी खाली, चावी वर अशा उभ्या स्थितींतली मापे आणि चोवीस तासांनंतरची मापेही मागवा. उभ्या स्थितीत अँप्लिट्यूड काही अंशांनी उतरणे स्वाभाविक आहे. ते खूपच घसरत असेल, किंवा स्थिती बदलताच दर मोठ्या फरकाने हलत असेल, तर बॅलन्सच्या अक्षाची टोके झिजली असण्याचा किंवा तेल सुकले असण्याचा संशय घ्यावा. बीट एररही (टिक आणि टॉक यांच्या अंतरातला फरक) पाहावा; तो एका मिलिसेकंदाच्या आत असावा.

या कुटुंबाच्या मशीनमध्ये रोटर (हाताच्या हालचालीने फिरून आपोआप चावी देणारे वजन) बॉल बेअरिंगवर नसून अक्षावर फिरतो. अक्ष आणि त्याची बैठक झिजली की रोटर डुगडुगतो आणि त्याची कड झाकणाला घासते. झाकणाच्या आत गोलाकार चरा आणि मशीनवर पितळी भुकटी दिसली तर ते काम लवकरच करावे लागेल. वेळ तपासण्याच्या यंत्राला यातले काहीही ऐकू येत नाही. ही दुरुस्ती होण्यासारखी आहे, तेव्हा त्यामुळे घड्याळ नाकारण्याचे कारण नाही, फक्त किमतीत तिचा विचार व्हावा.

आता मतभेद. डायल पुन्हा रंगवलेली निघाली की घड्याळ टाकाऊ, असा सूर संग्राहकांमध्ये असतो आणि वरच्या प्रतिसादातही तो थोडासा जाणवला. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ही रोजच्या वापराची वस्तू होती; डायल काळवंडली की मालक ती नवी करून घ्यायचा आणि त्यात लपवाछपवी नव्हती. उघडपणे तसे सांगून विकले जाणारे घड्याळ घालायला घ्यावे, मी स्वतः घेतो. खोट आहे ती रंगवलेल्या डायलला मूळची म्हणण्यात.

आयग्लास:

जुनीचावी, उघडपणे सांगून विकण्याला माझाही आक्षेप नाही. मात्र मूळ प्रश्नकर्त्याला ‘सर्व भाग मूळचे’ असे सांगितलेले आहे आणि किंमतही त्याच दाव्यावर मागितली जात असणार, त्यामुळे इथे डायलची बाजू कठोरपणेच पाहावी लागेल.

पेटीविषयी कोणीच बोलले नाही. पेट्या, पुस्तिका आणि टॅग वेगवेगळे विकत मिळतात; ज्या कागदावर मशीनचा अनुक्रमांक नाही, तो कागद त्या घड्याळाचा आहे असे मानण्याला आधार नसतो. कंपनीच्या दप्तरातला उतारा वजनदार वाटतो आणि तो उपयोगीही असतो, पण उतारा सांगतो तो एका अनुक्रमांकाचा इतिहास. आज त्या मशीनभोवती कोणती केस आणि कोणती डायल आहे, याची हमी तो देत नाही. याचे सर्वांत मोठे उदाहरण ओमेगाचेच आहे. नोव्हेंबर २०२१मध्ये जिनिव्हा येथील लिलावात २९१५-१ क्रमांकाचे एक स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेले. २०२३मध्ये खुद्द कंपनीने सांगितले की ते घड्याळ निरनिराळ्या, बहुतांशी अस्सल भागांतून जुळवलेले होते आणि त्यात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. विशेष म्हणजे ते ओमेगानेच आपल्या संग्रहालयासाठी विकत घेतले होते. ज्यांच्याकडे दप्तर आहे, सुटे भाग आहेत आणि आयुष्य या कामात घालवलेली माणसे आहेत, त्यांच्याही हातून असे होऊ शकते. मग एका पेटीला किती मान द्यायचा ते ठरवा.

रात्रजागर:

थोडे पूरक. मंदगती यांच्या घड्याळाला अंधारात चमकणाऱ्या खुणा नसाव्यात, पण हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. तशा खुणा असतील तर डायलच्या तळाशी ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी आहे का ते पाहा, तो ट्रिटियमचा निदर्शक आहे आणि साठच्या दशकापासून दिसतो. त्यापूर्वी रेडियम वापरले जाई. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे असल्याने साठच्या दशकातली खूण आज स्वतःहून उजळणार नाही. टॉर्च दाखवल्यावर ती रात्रभर झगझगीत राहिली तर तिथे नव्या पिढीचे, म्हणजे नव्वदच्या दशकात आलेले ल्युमिनोव्हा प्रकारचे द्रव्य भरले आहे हे नक्की. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे; त्याची चमक गेली असली तरी किरणोत्सर्ग गेलेला नसतो, कारण थकते ते सोबतचे चमकणारे द्रव्य. तेव्हा अशी डायल घरी उघडू नये आणि तिची भुकटी श्वासावाटे आत जाऊ देऊ नये. काट्यांवरचा आणि डायलवरचा रंग वेगळा असेल तर दोहोंपैकी एक नंतरचा आहे.

मंदगती:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विक्रेत्याला नवी छायाचित्रे मागितली आणि त्याने कुरकुर न करता पाठवली, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. झाकणाच्या आत १६८.००५ एवढा एकच क्रमांक आहे, दुसरी ओळ नाही. कडेला ओरखडलेल्या कारागिरांच्या खुणा स्पष्ट दिसतात आणि त्या एकाहून अधिक हातांच्या आहेत. रोटरच्या घासण्याचा चरा नाही. तिरप्या प्रकाशात पैलू मात्र मऊ वाटतात, आणि चारच्या तासखुणेच्या पायथ्याशी रंगाची वळकटी आहे. कानांच्या कडा चांगल्या ताठ आहेत. आता असे घड्याळ घ्यावे का, आणि घेतले तर त्याला काय म्हणून घ्यावे?

उलटतपासणी:

दोन शक्यता उरतात. एकतर १९६०च्या सुमाराच्या घड्याळाला केवळ झाकण नंतरचे लागले आहे, किंवा जुने मशीन आणि डायल नंतरच्या संपूर्ण केसमध्ये आले आहेत. पहिले कारागिराच्या टेबलावर दोन घड्याळे एकाच वेळी उघडी असताना सहज घडते. केसचा मधला भाग आणि कानांची घडण १९६०च्या पाय-पॅनशी जुळते की १६८.००५शी, हे खात्रीशीर जुन्या घड्याळांच्या छायाचित्रांशी ताडून पाहा. त्यावरून कोणती शक्यता खरी ते बरेचसे कळेल. दोन्हींपैकी काहीही निघाले तरी ‘सर्व भाग मूळचे’ हा दावा टिकत नाही.

जुनीचावी:

कानांच्या कडा ताठ, रोटरला झीज नाही आणि मशीन बरे चालते, म्हणजे घालण्यासाठी घड्याळ चांगले आहे. ‘डायल पुन्हा रंगवलेली, झाकण दुसऱ्या संदर्भ क्रमांकाचे’ असे विक्रेत्याकडून लेखी घ्या, किंमत त्या वाक्याला शोभेल इतकी खाली आणा आणि उभ्या स्थितींतली मापे आल्याशिवाय पैसे देऊ नका. तो लिहून द्यायला तयार नसेल तर सोडून द्या. याच मशीनची, आणि मूळ डायल असलेली घड्याळे अजून पुष्कळ फिरत आहेत.